पाखरू चिमूटभर, लेन्स हातभर!

आमच्या घरात एक मोठं भांडण झालं, आणि ते अगदी आवाज न करता झालं. ह्यांनी बँकेतली एक ठेव मोडली आणि कॅमेऱ्याची लेन्स आणली. मला न विचारता! ती ठेव मी मनातल्या मनात स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी राखून ठेवली होती. आमचा ओटा बांधला तेव्हा गवंड्यानं आपल्या अंदाजानं उंची धरली आणि माझी उंची जेमतेम पाच फूट. तीस वर्षं मी पाट घेऊन त्यावर उभी राहून पोळ्या लाटते आहे. लेन्सची किंमत ऐकली तेव्हा मी कढी ढवळत होते. हात थांबला आणि कढी फुटली.

"एवढ्या पैशात कशाचे फोटो काढणार?" मी विचारलं.

"पक्षी. आणि जवळून किडे."

"किडे? अहो, डाळ-तांदळातले किडे निवडता निवडता माझे डोळे गेले, आणि तुम्ही पैसे मोजून त्यांचे फोटो काढणार?"

हे काही बोलले नाहीत. मीही नंतर बोलले नाही. घरोघरी अशी न बोललेली भांडणं असतात, त्याबद्दल तुम्हाला मी काय सांगावं!

तर अशी ती लेन्स आमच्याबरोबर अमेरिकेला आली. मुलगा-सून ह्यूस्टनला असतात. मे महिन्यात मुलानं चार दिवसांची रजा जोडून घेतली आणि म्हणाला, "बाबा, एवढी लेन्स आणलीत, तर हमिंगबर्ड बघायला जाऊ या. कोस्टा रिकाला." विमानानं चार तासांच्या आतबाहेरचा प्रवास. सूनबाईनं माझी शाल बॅगेत भरली, मी मेथीचे ठेपले भरले, आणि निघालो.

सैन्य नसलेला देश

कोस्टा रिका म्हणजे मध्य अमेरिकेतला चिमुकला देश. आपल्या महाराष्ट्राच्या साधारण एक षष्ठांश. एका बाजूला पॅसिफिक, दुसऱ्या बाजूला कॅरिबियन समुद्र आणि मधे डोंगरांचा कणा. ह्या देशानं १९४८ साली आपलं सैन्यच बरखास्त करून टाकलं. ते ऐकून १९५१ साली अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातून क्वेकर पंथाची काही कुटुंबं इथे आली. लढाई करायची नाही, असं त्यांचं व्रत. सक्तीची लष्करभरती नको, म्हणून घरदार सोडून ही मंडळी ह्या डोंगरावर राहिली. गाई पाळल्या, चीज करायला लागली. गावाला नाव दिलं मोंतेवेर्दे, म्हणजे हिरवा डोंगर.

मला त्यांची एक गोष्ट फार आवडली. जमीन वाटून घेताना डोंगरमाथ्यावरचं जंगल त्यांनी तोडलं नाही. खालच्या ओढ्यांना पाणी तिथून येतं, हे त्यांनी ओळखलं. पुढे १९७२ साली तिथे राखीव जंगल झालं. आज जगभरचे लोक ते बघायला येतात.

ह्या जंगलाला ढगांचं जंगल म्हणतात आणि ते अगदी खरं आहे. ढग वरून जात नाहीत, झाडांतूनच चालत जातात. प्रत्येक फांदीला शेवाळ, नेचे आणि ऑर्किड. आपल्या आंबोलीची किंवा महाबळेश्वरची पावसाळ्यातली सकाळ आठवा, पण झाडं दुप्पट उंच. मे महिन्यात सकाळ बरी असते आणि दुपारी हटकून पाऊस. शाल लागतेच.

जेवणाची चिंता केली होती, ती फुकट गेली. सकाळच्या न्याहारीला 'गायो पिंतो', म्हणजे काळ्या घेवड्याच्या उसळीत परतलेला भात. वर कोथिंबीर! फोडणी तेवढी आपली नाही. कॉफी कापडी पिशवीतून गाळतात. लाकडी घोडीला पिशवी लटकवायची, खाली कप ठेवायचा. आपली आजी चहा फडक्यातून गाळायची, त्याचीच ही बहीण.

गुं गुं करणारं रत्न

जंगलाच्या दाराजवळ एक कॉफीघर आहे. त्याच्या अंगणात साखरपाण्याच्या लाल तोंडाच्या बाटल्या टांगल्या होत्या. आम्ही पायरीवर पाऊल ठेवलं मात्र, माझ्या कानाजवळून काहीतरी 'भुर्रर्र' करून गेलं. मी भुंगा समजून पदर झटकला. मुलगा हसला, "आई, हाच तो!"

आधी एक गैरसमज दूर करते. हमिंगबर्ड आपल्या देशात नाहीत. आपल्या जास्वंदीवर येतो तो शिंजीर, आणि संध्याकाळी फुलापुढे तरंगतो तो एक पतंग. हमिंगबर्डच्या साडेतीनशेवर जाती आहेत, त्या सगळ्या अमेरिकेच्या दोन्ही खंडांतल्या. त्यांतल्या पन्नासेक ह्या एवढ्याशा देशात सापडतात.

बहुतेक पाखरं अंगठ्याएवढी. काही तर अगदीच हलकी. पंख इतके भराभर हलतात की ते दिसतच नाहीत. नुसता धूसर पंखा दिसतो आणि गुं गुं ऐकू येतं. मोठ्या जातींचे पंख सेकंदाला वीसेक वेळा, लहानांचे पन्नासहून जास्त वेळा. म्हणजे आपली पापणी एकदा लवते तेवढ्यात पाच-दहा फेरे. हा पक्षी हवेत एका जागी उभा राहतो आणि चक्क मागे मागेही उडतो. उडताना त्याचं काळीज मिनिटाला हजारावर ठोके देतं. एवढी भट्टी पेटती ठेवायची म्हणजे दिवसभर खात राहायला हवं, म्हणून रोज स्वतःच्या वजनाइतका किंवा त्याहून जास्त मध पितो. रात्री उपाशी मरू नये म्हणून काही जाती अंग गार करून, ठोके मंद करून निपचित पडतात. आपण रात्री गॅस बारीक करून आमटी ठेवतो ना, तसंच.

आणि रंग! जांभळा, निळा, पाचूचा हिरवा. गंमत म्हणजे गळ्यावरचा तो झगझगीत रंग म्हणजे पिसाला लागलेला रंग नव्हे. पिसाच्या बारीक थरांवरून उजेड परततो, तेव्हा तो दिसतो. पाखरानं मान जराशी वळवली की तोच गळा काळाकुट्ट. आपल्या धूपछाव साडीसारखं, पण त्याच्या शंभरपट.

पहिल्या दिवशी हे तीन तास उभे होते. पाठदुखीमुळे भाजीची पिशवी न उचलणारा माणूस! तीनशेच्या वर फोटो काढले. रात्री खोलीत बघितले, तर नुसत्या बाटल्या. कुठे शेपूट, कुठे चोच, कुठे काहीच नाही. मी मनात म्हटलं, हा आपला ओटा.

ते झगमगीत फोटो कसे निघतात?

तुम्ही कॅलेंडरवर हमिंगबर्डचा फोटो पाहिला असेल. पंखाचं एकेक पीस स्पष्ट. तसा फोटो निघतो कसा, ते आम्हाला वाटाड्यानं दुसऱ्या दिवशी दाखवलं.

एका फुलाभोवती चार-पाच फ्लॅश लावतात. मागे हिरव्या रंगाचा, झाडीचा भास होईल असा छापील पडदा. फुलात पिचकारीनं साखरपाणी घालतात. आसपासच्या बाटल्या तेवढा वेळ काढून ठेवतात, की पाखरू ह्याच फुलावर येतं. फ्लॅश कमी जोरावर ठेवला की त्याचा लखलखाट सेकंदाच्या दहा-पंधरा हजाराव्या भागाइतका छोटा होतो, आणि तेवढ्यात पंख थिजल्यासारखा दिसतो. अमेरिकेतले प्राध्यापक हॅरॉल्ड एजर्टन यांनी अशा क्षणभराच्या दिव्यांचं तंत्र पुष्कळ पुढे नेलं आणि हमिंगबर्डचेही फोटो काढले. पुढे ड्यूपाँट ह्या मोठ्या कंपनीचे अध्यक्ष असलेले क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट ह्यांना तर ह्या पाखरांचं वेडच लागलं. कारखाने सांभाळून त्यांनी सवडीनं फोटो काढले आणि १९६० साली पुस्तक छापलं.

"म्हणजे हे नाटकच झालं की!" मी म्हटलं. हेही जरा हिरमुसले. पडदा लावून काढलेला फोटो त्यांना नको होता. "येईल तो साध्या उजेडात," म्हणाले, आणि पुन्हा बाटल्यांपाशी जाऊन उभे राहिले.

मी बाकावर बसले. विणकाम आणलं नव्हतं, वाचायला काही नव्हतं. शेजारी बसलेल्या फोटोवाल्यांना मुलाच्या मदतीनं विचारलं, "तुम्हाला ह्यात एवढं मिळतं तरी काय?"

एक बाई निवृत्त परिचारिका होत्या. त्या म्हणाल्या, "आयुष्यभर मी घड्याळाकडे बघून काम केलं. इथे पाखरू ठरवतं, मी नाही." एक दातांचे डॉक्टर होते. ते म्हणाले, "मी रोज इंचभर जागेतच काम करतो. तसंच इंचभर जागेत फुलपाखराचा डोळा बघायला मिळतो, आणि तो दुखतो म्हणून ओरडत नाही!" आम्ही सगळे हसलो.

मग मी ह्यांनाही विचारलं. लग्नाला सदतीस वर्षं झाली, पण असं काही विचारल्याचं मला आठवत नाही. हे कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणाले, "चौतीस वर्षं ऑफिसात चूक होऊ नये म्हणून जपत बसलो. इथे तीनशे वेळा चुकलो तरी कोणी मेमो देत नाही."

मी गप्प झाले. ह्या माणसानं ऑफिसबद्दल घरी कधी एक शब्द काढला नव्हता.

डहाळीवरचा जांभळा

करायला काहीच नव्हतं, म्हणून मी नुसती बघत बसले. आणि मैत्रिणींनो, बघणं हे आपलं काम आहे. दूध कधी वर येणार, मूल कधी रडणार, पाहुणे कधी उठणार, हे आपल्याला आधी कळतं. तासाभरानं माझ्या ध्यानात आलं, की एक मोठा जांभळा पक्षी बाटलीवर येण्याआधी दर खेपेला एकाच वाळक्या डहाळीवर टेकतो. तिथून बाकीच्यांवर डाफरतो, मग येतो. त्याला व्हायलेट सेबरविंग म्हणतात. हमिंगबर्डांमध्ये तो थोराड, वीतभराच्या आतबाहेर, चोच वाकडी, शेपटीच्या कडा पांढऱ्या. आणि डहाळीवर बसताना तो मान नेमकी डावीकडे वळवायचा. मग उजेड पडून सगळा गळा पेटल्यासारखा व्हायचा.

मी उठून ह्यांच्या कानात सांगितलं, "बाटली सोडा. त्या डहाळीवर धरा. तो येईल, आणि इकडे बघेल."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. नेहमीसारखं 'तुला काय कळतंय' म्हणाले नाहीत. कॅमेरा वळवला. चार मिनिटं गेली. पाच गेली. पक्षी आला, टेकला, मान वळवली. कट् कट् कट्.

रात्री तो फोटो मोठा करून पाहिला. गळ्यावरचं पीस न् पीस खवल्यासारखं रचलेलं, चोचीवर फुलाचे पिवळे कण आणि डोळ्यात कॉफीघराची खिडकी दिसत होती. मी दिवसभर त्या पक्ष्याला पाहत होते, तरी ह्यातलं काही मला दिसलं नव्हतं. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की ही मंडळी एवढा खटाटोप का करतात. पाखरू आपल्या डोळ्यांसाठी फार चपळ आहे आणि किडा फार लहान. दोघंही आपल्यासमोर असून दिसत नाहीत. कॅमेरा एकाला थांबवतो, दुसऱ्याला मोठं करतो. आणि त्यासाठी त्याची खोड आधी ओळखावी लागते. यंत्राचं काम त्यानंतरचं.

किड्यांची रात्र

तिसऱ्या रात्री पाऊस थांबल्यावर वाटाड्यानं पांढरी चादर बांधून मागे दिवा लावला. माझं काम फ्लॅश धरायचं. किड्यांच्या जवळच्या फोटोत स्पष्ट दिसणारा भाग एखाद-दोन मिलिमीटरचा असतो. श्वास घेतला तरी डोळा सोडून पाय स्पष्ट येतो. म्हणून श्वास रोखायचा, डोळ्यावर नेम धरायचा, आणि स्वतः किंचित पुढे-मागे होत नेमकी जागा गाठायची. सुईत दोरा ओवण्यासारखंच हे, पण सुई चालू लागलेली!

पतंग आले, टोळ आले आणि मग चादरीवर टपकन काहीतरी पडलं. दिव्याखाली बघते तर सोन्याचा भुंगा! पॉलिश केलेल्या बांगडीसारखा, पायांपर्यंत सोनेरी. लहानपणी आम्ही सोनपाखरं काड्यापेटीत ठेवायचो, ती हिरवी. हा अस्सल बावनकशी दिसत होता. ह्याचंही सोनं पाखराच्या गळ्यासारखंच, कवचाच्या बारीक थरांतून उजेड परतून दिसणारं. वाटाड्यानं त्याला बोट लावू दिलं नाही. फोटो झाले, दिवा बंद केला, तो उडून गेला.

सकाळी वाटेवर पानं कापणाऱ्या मुंग्या दिसल्या. प्रत्येकीच्या डोक्यावर हिरवी छत्री. मला वाटलं, पानं खातात. नाही! त्या पानांवर जमिनीखाली बुरशीची शेती करतात आणि ती बुरशी खातात. नवी राणी घर सोडून निघते, तेव्हा त्या बुरशीची एक गोळी तोंडात घेऊन जाते, नव्या घरी शेती सुरू करायला. मला एकदम आईनं स्टीलच्या डबीत दिलेलं विरजण आठवलं. ह्यांनी जमिनीवर पालथं पडून तिचे फोटो काढले. शर्ट धुवायचा मला होता, तरी मी काही बोलले नाही.

एक गोष्ट मात्र वाटाड्यानं ठाम सांगितली. घरट्याचा फोटो नाही. हमिंगबर्डची मादी कोळ्याच्या जाळ्याचे धागे वापरून एकटी घरटं बांधते, बहुधा दोन अंडी घालते, एकटी पिल्लं वाढवते. नर रंग दाखवून मोकळा! तिला दर थोड्या वेळानं खायला जावंच लागतं. माणसं भोवती उभी राहिली तर ती परत यायला बिचकते, आणि पिल्लं गारठतात. कितीही सुंदर फोटो मिळाला तरी त्याची ही किंमत नको.

घरी आल्यावर

तिथल्या बाटल्यांत चार भाग पाण्याला एक भाग साधी साखर होती. गूळ नाही, मध नाही, रंग तर मुळीच नाही. आणि दोन-तीन दिवसांत पाणी बदलून बाटली स्वच्छ घासायची, नाहीतर त्याला बुरशी येते. आपल्याकडे ह्या उपद्व्यापाची गरज नाही. शिंजिरासाठी गॅलरीत जास्वंद लावा, जागा असली तर हॅमेलिया लावा. केशरी नळीसारखी फुलं येतात, रोपवाटिकेत मिळतो. हे झाड मूळचं अमेरिकेतलं, तिथे हमिंगबर्ड त्यावर येतात आणि इथे आपले शिंजीर. आमच्या कुंडीत लावल्यापासून सकाळी एक जोडी येते. नराचं अंगही उन्हात जांभळं चमकतं आणि सावलीत काळं दिसतं, हे मला आता कळतं. किड्यांसाठी महागडी लेन्सही नको. मोबाइलला लावायची लहानशी भिंगाची क्लिप मिळते. सकाळी लवकर, ऊन तापायच्या आत बघा. गारठ्यानं किडे हलत नाहीत आणि अंगावर दवाचे थेंब असतात. कडुलिंबावरचा साधा ढेकण्यासुद्धा दागिना वाटतो.

आणि ओटा? परत आल्यावर एके दिवशी मी पोळ्या लाटत होते. हे दारात उभे राहून बघत होते. कॅमेरा नव्हता हातात. बराच वेळ बघितल्यावर म्हणाले, "तू पाटावर उभी राहतेस?"

"तीस वर्षं झाली," मी म्हटलं.

त्यांनी आतून टेप आणली, मला खाली उतरून सरळ उभं राहायला सांगितलं आणि जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची मोजली. ओटा कोपराच्या चार बोटं खाली असावा, हे मी सांगितलं. तुम्हीही बांधणार असाल तर लक्षात ठेवा. पुढची ठेव दिवाळीत संपणार होती. ती मोडायच्या आधी त्यांनी मला विचारलं.

जांभळा पक्षी आता नव्या ओट्याच्या वर, फोडणीचे शिंतोडे पोहोचणार नाहीत अशा उंचीवर लावला आहे. खाली ह्यांनी आपलं नाव घातलेलं नाही. कोणी विचारलं, की म्हणतात, "बटण मी दाबलं. पक्षी हिनं दाखवला."